पालटतीं चित्रें व १६९२ चा सन

जत्रेंतील दुकानांतून प्लॅस्टिकच्या चकचकीत, खाचदार पत्र्याखालीं छापलेलीं देवादिकांचीं चित्रें मिळतात, तीं वाचकांच्या पाहण्यांत असतीलच. चित्र हातांत किंचित् कलतें केलें कीं एका देवतेच्या जागीं दुसरी प्रकट होते. कांहींत मूर्ति कागदांतून पुढें आल्याचा भास होतो. या जातीस लेंटिक्युलर चित्रें म्हणतात. लॅटिन भाषेंत मसुरास जें नांव आहे तेंच आकारसादृश्यामुळें भिंगास मिळालें, व त्यावरून हा शब्द निघाला. अशा वस्तूंस संग्रहांत स्थान द्यावें कीं नाहीं याविषयीं मतभेद संभवतो. परंतु त्यांच्या वंशावळीबद्दल जें एक विधान वारंवार केलें जातें, तें तपासल्यावांचून स्वीकारणें बरें नव्हे.

विधान असें कीं, या कल्पनेचा आद्य प्रवर्तक गास्पार आंत्वान द ब्वा-क्लेर हा चित्रकार असून त्यानें इ. स. १६९२ (शके १६१४) मध्यें डेन्मार्कचा राजा फ्रेडरिक चौथा व राणी लुईस यांचें दुहेरी चित्र काढलें. हें चित्र कोपनहेगन येथील रोझेनबोर्ग प्रासादांत आहे. त्याची रचना साधी आहे. त्रिकोणी छेदाच्या लाकडी पट्ट्या एकीशेजारीं एक उभ्या बसवून प्रत्येकीच्या दोन दर्शनी बाजूंवर दोन निरनिराळ्या चित्रांचे तुकडे रंगविलेले असतात. पाहणारा डावीकडे उभा राहिला तर सर्व डाव्या बाजू जुळून एक मुखवटा दिसतो, उजवीकडे गेला तर दुसरा; समोरून मात्र दोहोंचा गोंधळ होतो.

‘आद्य’ हें विशेषण प्रथम घेऊं. व्हिन्योला याचा चित्रदर्शनशास्त्रावरील ग्रंथ इग्नात्सियो दांती यानें आपल्या टीकेसह १५८३ सालीं रोम येथें छापविला; त्यांत अशा पट्ट्यांच्या चित्राची कृति आहे. कृतीबरहुकूम झालेली वस्तूहि आज पाहावयास मिळते. फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयांत लुदोव्हिको बूती याचें १५९३ चें चित्र आहे. त्यांत लोरेनचा ड्यूक चार्ल्स तिसरा व त्याची कन्या क्रिस्तीना यांचे मुखवटे असून एक पट्ट्यांवर सरळ दिसतो व दुसरा वर बसविलेल्या आरशांत. आरसा वर असल्यामुळें प्रतिमा उलटी होते, म्हणून त्या बाजूचे तुकडे चित्रकारास मुद्दाम उलट्या क्रमानें रंगवावे लागतात. हें काम पाहण्यापेक्षां करण्यास पुष्कळच अवघड. क्रिस्तीनेचा विवाह टस्कनीच्या फेर्दिनांद पहिल्याशीं १५८९ त झाला होता, म्हणजे चित्राचें साल, स्थळ व व्यक्ति तिन्ही एकमेकांस धरून आहेत. एडिंबरो येथेंहि स्कॉटलंडची राणी मेरी हिचें म्हणून ओळखलें जाणारें असेंच पन्हळी चित्र आहे. एका बाजूनें स्त्रीचा मुखवटा, दुसरीनें कवटी. तेव्हां ब्वा-क्लेर याच्या कितीतरी आधीं ही विद्या छापील ग्रंथांत होती.

आतां १६९२ या सनाकडे वळूं. येथें घोळ अधिक आहे. फ्रेडरिक चौथा १६७१ मध्यें जन्मला. त्याचा बाप ख्रिश्चन पांचवा १६९९ सालीं वारला, तेव्हां तो गादीवर आला. लुईसशीं त्याचा विवाह १६९५ सालचा. म्हणजे १६९२ त तो एकवीस वर्षांच्या आंतबाहेरचा युवराज, आणि लुईस त्याची पत्नीहि नव्हे, मग राणी कोठली ! राजा म्हणणें हें मागाहून जोडलेलें उपपद मानतां येईल. आपल्याकडील चित्रांवरहि पुढच्या पिढीनें अशीं उपपदें घातलेलीं आढळतात. परंतु विवाहापूर्वी तीन वर्षें जोडप्याचें चित्र निघावें, हें कसें जुळावें ? आमच्या मतें सन खरा असेल तर दुसरा मुखवटा लुईसचा म्हणून सांगणें साहसाचें आहे. आणि मुखवटा तिचाच असेल तर सन पुढें ओढावा लागेल. दोन्ही एकत्र नांदूं शकत नाहींत. तरीहि हा सन व हीं नांवें जोडीनें एका लेखांतून दुसऱ्यांत उतरत आलीं आहेत.

याहून मोठी चूक म्हणजे पट्ट्यांच्या चित्रास भिंगचित्राचा साक्षात् पूर्वज मानणें. पट्टी आपल्या अंगानें दुसरें चित्र झांकते, निवडीत नाहीं. तिचा खरा वारस फ्रेडरिक आइव्ह्ज याचा १९०३ चा पेटंट घेतलेला प्रकार होय. त्यांत बारीक काळ्या रेघांची जाळी चित्राच्या पुढें धरून प्रत्येक डोळ्यास नको ती रेघ झांकली जाते, व त्यापायीं पुष्कळ उजेड फुकट जातो. भिंगाचा मार्ग निराळा. गाब्रिएल लिपमान यानें मार्च १९०८ मध्यें पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें माशीच्या डोळ्यासारख्या असंख्य सूक्ष्म भिंगांची योजना मांडली. त्याच वर्षीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें रंगीत छायाचित्रणाबद्दल. या दोहोंची गल्लत होतां कामा नये. पुढें स्वित्झर्लंडचा नेत्रवैद्य वॉल्टर हेस यानें गोल भिंगांऐवजीं अर्धवर्तुळाकार लांब पन्हळी घेतल्या व १९१२ सालीं पेटंटसाठीं अर्ज केला. आजचा पत्रा तोच.

प्रत्येक पन्हळीखालीं निरनिराळ्या चित्रांच्या अतिशय अरुंद चिरफळ्या ओळीनें छापलेल्या असतात, आणि पन्हळ एका कोनांतून एकच चिरफळी मोठी करून दाखविते. पन्हळी उभ्या असतील तर दोन डोळ्यांस दोन भिन्न चिरफळ्या दिसतात व मेंदू त्यांतून खोली उभी करतो. आडव्या असतील तर दोन्ही डोळ्यांस एकच दिसते. पत्रा कलविला कीं पुढची येते, व हालचाल भासते. १९५२ च्या अमेरिकेंतील निवडणुकींत आयझेनहॉवर यांचे असे बिल्ले निघाले. २५ फेब्रुवारी १९६४ च्या ‘लुक’ पाक्षिकांत एडिसनच्या अर्धपुतळ्याचें खोली दाखविणारें चित्र घातलें गेलें.

संग्राहकांस एक विनंति. अशी वस्तु संग्रहीं असल्यास सूचींत एकच छायाचित्र देऊन थांबूं नये. त्यानें निम्मी वस्तु हरवते. पट्ट्यांचें चित्र असेल तर दोन्ही बाजूंचें चित्र घ्यावें आणि मागील लांकडावरील अक्षरें जशींच्या तशीं उतरून ठेवावीं. भिंगचित्र असेल तर पन्हळी उभ्या कीं आडव्या, व एका इंचांत किती, हें नोंदवावें. आणि मुखवट्याचें नांव लिहितांना तें कोणीं, केव्हां सांगितलें, हेंहि शेजारीं लिहावें.