विजेच्या तारांचं झाड: ब्रनोच्या ओटाकार बोरूव्कांची गोष्ट

आजची गोष्ट एका वीज कंपनीपासून सुरू होते आणि थेट तुमच्या लॅपटॉपवरच्या पायथनच्या कोडपर्यंत येऊन पोचते. मध्ये जवळपास शंभर वर्षं आहेत, चार-पाच देश आहेत, आणि एक असा प्रश्न आहे जो लोकांनी पुन्हा पुन्हा सोडवला. का? कारण तो आधीच कुणीतरी सोडवलाय, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

चला तर मग, १९२० च्या दशकात. पहिलं महायुद्ध संपलंय. चेकोस्लोव्हाकिया हा नवाकोरा देश १९१८ मध्ये जन्माला आलाय. त्यातला एक प्रांत म्हणजे मोराविया, आणि तिथलं सगळ्यात मोठं शहर ब्रनो. पश्चिम मोरावियाच्या वीज कंपनीने दक्षिण मोरावियातल्या खेड्यापाड्यांत वीज न्यायचं काम हाती घेतलंय. आता खेडी आहेत विखुरलेली. खांब, तार, मजुरी, सगळ्याला पैसा लागतो. प्रश्न अगदी सरळ आहे: कुठल्या गावातून कुठल्या गावाला तार टाकली, तर सगळ्यांना वीज मिळेल आणि तार कमीत कमी लागेल?

कंपनीतल्या काही लोकांची एका तरुण गणितज्ञाशी मैत्री होती. त्यांचं नाव ओटाकार बोरूव्का. जन्म १८९९ चा. ब्रनोच्या मसारिक विद्यापीठात ते काम करायचे, आणि आधी तांत्रिक शिक्षण घेतल्यामुळे इंजिनिअर मंडळींची भाषा त्यांना कळायची. मित्रांनी त्यांच्यापुढे हा प्रश्न टाकला: गणिताच्या नजरेतून बघून सांग, जाळं कसं बांधू?

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं! सगळे पर्याय मोजायचे आणि स्वस्त तो निवडायचा. पण थांबा. समजा ४० ठिकाणं आहेत. ती सगळी जोडायला, कुठेही फुकटचं वर्तुळ न करता, बरोबर ३९ तारा लागतात. पण या ३९ तारा किती वेगवेगळ्या प्रकारे निवडता येतील? ती संख्या आहे ४० चा ३८ वा घात. लिहायला बसलात तर ६१ आकडी संख्या होते. आजचा सगळ्यात वेगवान संगणकसुद्धा ते एकेक करून मोजू शकणार नाही. आणि बोरूव्कांकडे तर संगणक नव्हताच.

त्यांनी शोधलेली युक्ती मात्र इतकी साधी आहे की आपण ती आत्ता करून बघू शकतो.

सहा गावं घ्या: अ, ब, क, ड, इ, फ. अ ते ब ३ किलोमीटर, ब ते क ५, अ ते क ७. पलीकडे ड ते इ ४, इ ते फ ६, ड ते फ ९. आणि या दोन बाजूंना जोडणारे दोनच रस्ते: क ते ड ८ आणि अ ते फ १२.

पहिली फेरी. प्रत्येक गावाने फक्त स्वतःपुरतं बघायचं: माझ्या सगळ्यात जवळचं गाव कोणतं? अ म्हणतो ब, ब म्हणतो अ. क म्हणतो ब. ड म्हणतो इ, इ म्हणतो ड. फ म्हणतो इ. झाल्या तारा टाकून. आता सहा गावांचे दोन गट उरले: अ-ब-क आणि ड-इ-फ.

दुसरी फेरी. आता अख्खा गट म्हणजे एक गाव समजायचं आणि पुन्हा तोच प्रश्न: आमच्या सगळ्यात जवळ कोण? क ते ड ८ आहे, अ ते फ १२ आहे. ८ घेतला. संपलं! एकूण तार: ३, ५, ४, ६ आणि ८, म्हणजे २६ किलोमीटर. यापेक्षा कमी तारेत हे काम होतच नाही.

गंमत बघा. दर फेरीला गटांची संख्या निदान निम्मी होते. म्हणजे ४० ठिकाणं असली, तर ४० चे फार तर २०, मग १०, मग ५, मग २, मग १. पाच फेऱ्या! एकीकडे ६१ आकडी संख्येइतके पर्याय, आणि दुसरीकडे पाच फेऱ्या. याला म्हणतात ऑप्टिमायझेशन. आणि तारांच्या या स्वस्त जाळ्याला आज म्हणतात मिनिमम स्पॅनिंग ट्री. ट्री, म्हणजे झाड, कारण त्याला फांद्या असतात, पण वर्तुळ नसतं.

एक अट होती: कुठलीही दोन अंतरं सारखी नकोत. नाहीतर निवड करताना गोंधळ होऊन वर्तुळ तयार होऊ शकतं. पण एवढंच.

आता आपल्या गोष्टीतला खरा पेच. १९२६ मध्ये बोरूव्कांनी यावर दोन लेख छापले. पहिला गणितज्ञांसाठी, २२ पानांचा, मोरावियातल्या निसर्गविज्ञान संस्थेच्या प्रकाशनात. तो वाचायला महाकठीण. कारण ज्याला आज आपण ग्राफ थिअरी म्हणतो, त्या विषयाचं पहिलं पाठ्यपुस्तक यायला अजून दहा वर्षं होती. ते आलं १९३६ मध्ये, हंगेरीच्या देनेश क्यूनिगचं. त्यामुळे झाड, फांदी, जाळं असे तयार शब्द हाताशी नव्हते, आणि बोरूव्कांनी सगळं आकड्यांच्या तक्त्यांतून आणि चिन्हांतून मांडलं. दुसरा लेख इंजिनिअरांसाठी, विजेच्या कामाला वाहिलेल्या नियतकालिकात. तो फक्त दोन पानांचा! त्यात ४० ठिकाणांचं उदाहरण, चित्रं, आणि साधी भाषा.

दोन्ही लेख चेक भाषेत. चेक बोलणारे लोक मराठी बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी. मोठ्या लेखाला जर्मनमध्ये एक छोटा सारांश जोडलेला होता. तेवढी एकच खिडकी बाहेरच्या जगासाठी उघडी राहिली.

देशातल्या देशात लेख वाचला गेला. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले गणितज्ञ वोयटेख यार्निक यांनी तो वाचून बोरूव्कांना पत्र लिहिलं: तुमच्या प्रश्नाला आणखी एक सोपं उत्तर आहे. एका गावापासून सुरुवात करा. त्याला सगळ्यात जवळचं गाव जोडा. मग या जोडलेल्या तुकड्याला सगळ्यात जवळचं जे असेल ते जोडा. असं एकेक करत झाड वाढवत न्या. हे पत्र १९३० मध्ये लेख म्हणून छापून आलं. शीर्षक बोरूव्कांच्याच लेखाचं, आणि भाषा पुन्हा चेक.

मग बराच काळ शांतता. स्वतः बोरूव्काही पुढे भूमितीकडे आणि डिफरन्शिअल समीकरणांकडे वळले.

आता गाडी वळवू पोलंडकडे. व्रोत्सवाफ शहर, साल १९५१. ह्यूगो श्टाइनहाउस आणि त्यांचे चार सहकारी एक छोटा लेख छापतात, फ्रेंच भाषेत. विषय काय, तर मोजक्या बिंदूंना जोडणं आणि त्यांची विभागणी करणं. या विभागणीच्या भागाकडे लक्ष द्या हं, कारण मशीन लर्निंगचा धागा इथून सुरू होतो. त्यांना विजेच्या तारा टाकायच्या नव्हत्या. त्यांच्याकडे होते नमुने, आणि प्रश्न होता: कोण कोणासारखं आहे? अंतर म्हणजे इथे किलोमीटर नाही, तर दोन नमुन्यांमधला फरक. त्यांनी आधी सगळ्या बिंदूंना कमीत कमी लांबीच्या झाडाने जोडलं, आणि मग झाडाच्या सगळ्यात लांब फांद्या छाटल्या. जे तुकडे उरले, ते झाले गट.

आपल्या सहा गावांवर करून बघा. सगळ्यात लांब तार कोणती? क ते ड, ८ किलोमीटरची. ती कापा. पुन्हा अ-ब-क आणि ड-इ-फ, दोन गट समोर! कुणी सांगितलं नव्हतं की गट कोणते. अंतरांनीच ते दाखवून दिलं. आज आपण याला क्लस्टरिंग म्हणतो. पुढे १९६९ मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रातल्या गोवर आणि रॉस यांनी नीट दाखवून दिलं, की सिंगल लिंकेज नावाची क्लस्टरिंगची प्रचलित पद्धत आणि हे झाड, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

आता अमेरिका. प्रिन्स्टन विद्यापीठाचा गणित विभाग, १९५० च्या दशकाची सुरुवात. जोसेफ क्रुस्कल नावाचा विद्यार्थी. कुणीतरी त्याच्या हातात दोन पातळ कागद दिले. टाइप केलेले, कार्बन कॉपी, टाचणी मारलेले, आणि जर्मन भाषेत. म्हणे, विभागात असेच इकडून तिकडे फिरतायत. ते कागद म्हणजे बोरूव्कांच्या लेखाचा तोच जर्मन सारांश! पंचवीसेक वर्षांनी, समुद्र ओलांडून, कुणाच्या हातून कुणाच्या हाती जात तो तिथे पोचला होता.

क्रुस्कलला कल्पना आवडली, पण पद्धत उगाच गुंतागुंतीची वाटली. त्याने ती सोपी केली: सगळ्या तारा लांबीप्रमाणे लावा, सगळ्यात छोटीपासून घेत चला, आणि जी घेतल्याने वर्तुळ होतं ती सोडा. १९५६ मध्ये त्याचा लेख आला. पुढच्या वर्षी बेल लॅब्सच्या रॉबर्ट प्रिम यांनी दुसरी पद्धत छापली. ती म्हणजे यार्निकचीच, पण प्रिमना यार्निक माहीत नव्हते. १९५९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एड्सगर डायक्स्ट्रांनी तीच पुन्हा शोधली. त्यांना एका नव्या संगणकाच्या आतल्या जोडण्यांसाठी महागडी तांब्याची तार वाचवायची होती. आणि आज इंजिनिअरिंगच्या पुस्तकात काय शिकतो आपण? प्रिम आणि क्रुस्कल. परीक्षेला हमखास येणारी दोन नावं. बोरूव्का आणि यार्निक बहुतेकदा तळटीपेत.

इथे क्रुस्कलचं कौतुक करायला हवं. त्याने आपल्या लेखाच्या सुरुवातीलाच बोरूव्कांचा उल्लेख केला. आणि पुढे १९९७ मध्ये ब्रनोहून निघणाऱ्या गणिताच्या नियतकालिकात आठवणी लिहिताना सांगितलं, की मी फक्त मांडणी सोपी केली, गाभा प्राध्यापक बोरूव्कांचाच आहे. फिरत आलेल्या, कुणी बघितलेही नसतील अशा दोन कागदांचं ऋण त्याने मान्य केलं. गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?

पण गोष्ट अजून संपली नाही. ज्या पद्धतीला गुंतागुंतीची म्हणून बाजूला ठेवलं, तिचे दिवस फिरले. कसे? क्रुस्कलच्या पद्धतीत एकच रांग असते. एक तार बघितल्याशिवाय दुसरी बघता येत नाही. प्रिमच्या पद्धतीत एकच झाड हळूहळू वाढतं. बोरूव्कांच्या पद्धतीत मात्र प्रत्येक गाव एकाच वेळी, स्वतःचं स्वतः ठरवतं. एकदा हजारो प्रोसेसर एकत्र काम करायला लागले, तेव्हा हीच गोष्ट लाखमोलाची ठरली. काम वाटून द्या, सगळे आपापला शेजारी शोधतील! १९२६ ची युक्ती समांतर चालणाऱ्या संगणकांना चपखल बसली.

१९९५ मध्ये कार्गर, क्लाइन आणि टार्जन या संशोधकांनी एक भन्नाट वेगवान पद्धत दिली. त्यात थोडं नशिबावर सोडलंय, म्हणजे नाणेफेक आहे, पण सरासरीने वेळ तारांच्या संख्येच्या प्रमाणातच लागतो. आणि तिच्या पोटात आहेत बोरूव्कांच्या फेऱ्या. त्याच वर्षी जुलैमध्ये, ९६ व्या वर्षी, ब्रनोमध्येच बोरूव्कांचं निधन झालं. नाणेफेक न करता तेवढ्याच वेळात हे काम होतं का, याचं उत्तर आजही कुणाकडे नाही. आणि मशीन लर्निंगमध्ये एचडीबीस्कॅन नावाची क्लस्टरिंगची पायथन लायब्ररी वापरलीत, तर तिच्या पर्यायांमध्ये चक्क बोरूव्का हे नाव दिसेल.

म्हणजे जाळं बांधायचा प्रश्न सुटला? तर नाही. झाडाची एक फांदी तुटली की अर्धं गाव अंधारात. म्हणून खऱ्या वीज किंवा इंटरनेटच्या जाळ्यात मुद्दाम जादा जोडण्या ठेवतात, आणि किती ठेवायच्या हे ठरवणं कठीण असतं. दुसरं असं, की मध्येच नवा खांब रोवायची परवानगी असेल तर गणितच बदलतं. १०० किलोमीटर बाजूंचा समभुज त्रिकोण घ्या. तीन टोकं झाडाने जोडायला २०० किलोमीटर तार लागते. मधोमध एक खांब घाला, की साधारण १७३ मध्ये भागतं. पण हे खांब नेमके कुठे रोवायचे, याचं मोठ्या नकाशासाठी झटपट चालणारं, अचूक उत्तर आजवर सापडलेलं नाही. विद्यापीठांतले संशोधक अजून त्यावर डोकं खपवतायत.

जाता जाता भाषेबद्दल. बोरूव्कांच्या दोन्ही लेखांचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर छापून आलं २००१ मध्ये. पंचाहत्तर वर्षांनी! आपल्या भाषेत लिहिलेलं जगापर्यंत पोचेल का, ही भीती आपल्यालाही ओळखीची आहे. बोरूव्कांच्या बाबतीत ती बरीचशी खरी ठरली. पण त्यांनी आपल्या भाषेत लिहिलं म्हणून यार्निकनी वाचलं, आणि इंजिनिअर मित्रांनाही त्यांच्याच भाषेत दोन पानांत उत्तर मिळालं. शिवाय एक छोटा सारांश दुसऱ्या भाषेत जोडला, म्हणून तो प्रिन्स्टनपर्यंत गेला. दोन्ही गोष्टी केल्या त्यांनी. तुम्ही कॉलेजात काही शोधून काढलंत, साधा प्रोजेक्ट का असेना, तर दोन पानं आपल्या माणसांसाठी लिहा, आणि अर्धं पान बाहेरच्यांसाठी. आणि दुसऱ्याची कल्पना वापरलीत, तर क्रुस्कलसारखं पहिल्याच परिच्छेदात त्याचं नाव घ्या.

प्रिम आणि क्रुस्कलचा अभ्यास करून वैतागलेल्या एखाद्या मित्राला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!