अननसाच्या रसातलं मँगनीज : एका साध्या प्रयोगाचा इतिहास

पित्तनलिकेत खडा आहे का, हे बघायला एमआरसीपी नावाचा एमआरआय करतात. त्याआधी अनेक ठिकाणी पेशंटला अननसाचा रस प्यायला देतात. बऱ्याच जणांना वाटतं, उपाशी पोटाला आधार म्हणून देत असतील. खरं कारण वेगळं आहे, आणि ते समजून घ्यायला आपल्याला १९७३ सालापर्यंत मागे जावं लागेल.

त्या वर्षी पॉल लॉटरबर यांनी 'नेचर'मध्ये चुंबकीय अनुनादाने काढलेली पहिली चित्रं छापली. याच कामासाठी पुढे २००३ मध्ये त्यांना पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्या लेखातल्या एका प्रयोगात दोन बारीक नळ्या होत्या. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत अगदी किंचित मँगनीज सल्फेट घातलेलं पाणी. रेडिओ लहरींची ताकद वाढवली तशी शुद्ध पाण्याची नळी चित्रातून जवळजवळ पुसली गेली, मँगनीजची मात्र दिसत राहिली. म्हणजे बघा, मँगनीज एमआरआयच्या जन्मापासून सोबत आहे.

असं का होतं? मँगनीजच्या आयनात पाच एकेकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो एखाद्या छोट्या चुंबकासारखा वागतो. आजूबाजूच्या पाण्यातले हायड्रोजन त्याच्यामुळे लवकर पूर्वस्थितीला येतात (टी-१ कमी होतो) आणि त्यांचा सिग्नलही लवकर विरतो (टी-२ कमी होतो).

आता एमआरसीपीकडे येऊ. १९९०च्या दशकात आलेल्या या तंत्रात साचलेला द्रव पांढराशुभ्र दिसतो. पित्त दिसतं, पण जठर आणि लहान आतड्यातलं पाणीही तितकंच चमकतं आणि नेमका हवा तो भाग झाकून टाकतं. चित्र नीट आलं नाही, तर तोंडातून दुर्बीण घालून तपासणी करायची वेळ येऊ शकते, आणि तिच्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून आतड्यातलं पाणी 'काळं' करणारं पेय हवं होतं. लोहाच्या ऑक्साइडची तयार औषधं होती, पण संशोधक स्वयंपाकघरातही शोधू लागले. १९९५ मध्ये ब्लूबेरीच्या रसाचा प्राथमिक अभ्यास आला. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या गटाने अननसाचा रस तपासला.

या २००४च्या पेपरचा क्रम लक्षात ठेवा. आधी रस प्रयोगशाळेत तपासला, तयार औषधाशी तुलना केली. मग मँगनीज मोजलं : १०० मिलिलिटरमध्ये २.७६ मिलिग्रॅम. त्यानंतरच १० निरोगी स्वयंसेवकांना ४०० मिलिलिटर रस पाजला, म्हणजे साधारण ११ मिलिग्रॅम मँगनीज. प्रतिमा रस पिण्यापूर्वी, १५ मिनिटांनी आणि ३० मिनिटांनी घेतल्या. कुठली प्रतिमा कधीची, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. स्वादुपिंडाची नलिका स्पष्ट दिसू लागली. यकृताच्या आतल्या पित्तनलिकांमध्ये मात्र लक्षणीय फरक पडला नाही, आणि तेही त्यांनी लिहिलं.

संशोधनाची तयारी करताना इथून दोन गोष्टी घ्या. पहिली, 'काळं करणारा रस' हा अर्धवट शब्दप्रयोग आहे. तोच रस टी-१ प्रतिमेत उजळ दिसू शकतो. गुणधर्म एकट्या रसाचा नसतो, रस आणि मोजण्याची पद्धत या जोडीचा असतो. दुसरी, रसात मँगनीज सापडलं म्हणजे तेच कारण आहे असं सिद्ध होत नाही. लेखकांनीही ते 'संभाव्य' कारण म्हटलं. तुम्ही असता तर काय केलं असतं? तितकंच मँगनीज आणि तितकाच आंबटपणा असलेलं साधं पाणी घेऊन बघितलं असतं का? रसातलं मँगनीज काढून टाकून परत मोजलं असतं का?

'नैसर्गिक आहे' हे या कथेतलं उत्तर नाही. फळाची जात, माती, कंपनी बदलली की मँगनीजही बदलतं. म्हणून पेपरात 'ज्यूस दिला' एवढंच वाचलं, तर पहिला प्रश्न हा विचारा : त्यात मँगनीज किती होतं, आणि ते मोजलं कोणी?