पास्काकाळातील शुभवर्तमान-चिंतन

येशूच्या पुनरुत्थानाच्या ईस्टर रविवारपासून पेन्टेकॉस्टपर्यंतच्या ५० दिवसांत वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानांवर ख्रिस्ती भाविक व धर्मगुरू करतात ते मनन. रोमन कॅथलिक पंथात १९६९ च्या वाचनमालेनुसार रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. या काळात योहानाच्या शुभवर्तमानाला प्राधान्य असते, आणि जुन्या कराराऐवजी पहिले वाचन 'प्रेषितांची कृत्ये' मधून घेतात.

दुसऱ्या रविवारी दरवर्षी येशूचा शिष्य थोमा याचा प्रसंग येतो. येशूच्या जखमांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणतो. येशू त्याला झिडकारत नाही, त्याच जखमा त्याच्यापुढे करतो. पुनरुत्थित देहावरही खुणा उरल्या आहेत, हे या चिंतनाचे सर्वांत गहन सूत्र. मग्दालिया मरिया येशूला माळी समजते आणि त्याने नावाने हाक मारताच ओळखते. अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांना भाकर मोडताना ओळख पटते. चौथा रविवार उत्तम मेंढपाळाचा.

मराठीत येशूच्या पुनरुत्थानाच्या कथेला जुनी परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त (१६१६) ती ओवीबद्ध झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने ती आजच्या मराठीत आणली.