माग आणि विणकराचे शरीर: भिवंडीतली शंभर वर्षे

खड्डामागावर कापड विणले जाते ते कमरेच्या आणि पायांच्या बळावर. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर काठावर बसतो. पाय आळीपाळीने पावड्या दाबतात, एक हात दोरी ओढून आडवा धागा नेणारा धोटा फेकतो, दुसरा फणी पुढे आणून बाण्याचा धागा ठोकून बसवतो. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत मांडले ते हातमाग. तेव्हा विणण्याचा सगळा भार अस्थिसंस्था आणि स्नायुसंस्था यांच्यावर होता. वाकून बसल्याने पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबत, गुडघे आखडत, पण कान शाबूत राहत. फेकणारा हात थकला की माग थांबे. विश्रांती कधी घ्यायची, हे स्नायूच ठरवत.

एकाच कामासाठी झटणाऱ्या अवयवांच्या गटाला मराठी पाठ्यपुस्तके ‘संस्था’ म्हणतात: श्वसनसंस्था, पचनसंस्था, मज्जासंस्था. शब्द सोयीचा आहे, कारण कुठल्याही संस्थेप्रमाणे इथेही एकाने काम सोडले की ते दुसऱ्याच्या गळ्यात पडते. भिवंडीत माग बदलत गेला तसे नेमके हेच झाले.

१९३० च्या दशकात शहरात विजेवर चालणारे माग आले. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही इथे येऊन नव्याने फिरू लागले. मोमीनांच्या जोडीला तेलंगणातले पद्मशाली विणकर आले आणि धामणकर नाक्याजवळ पद्मनगर वसले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर कापडाची मागणी यंत्रमागांकडे वळली. मोटरने हातापायांचे काम काढून घेतले. कामगाराकडे उरले ते उभे राहणे, चालणे, पाहणे, तुटलेल्या धाग्याला गाठ मारणे आणि रिकामी कांडी बदलणे.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती कानाने. साधा यंत्रमाग मिनिटाला सव्वाशेच्या आसपास धागे टाकतो, आणि दर खेपेला लाकडी धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्या पेटीत जाऊन आदळतो. चार माग सांभाळणाऱ्याच्या कानावर तासाला तीस हजार ठोके पडतात, शेजारच्यांचे वेगळे. ही कंपने कानाच्या पडद्यावरून तीन इवल्या हाडांकडे जातात. त्यांची मराठी नावे हातोडी, ऐरण आणि रिकीब. यांतली पहिली दोन लोहारशाळेतली नावे या कारखान्यात फारच चपखल बसतात. हाडांकडून कंपने शंखासारख्या वळलेल्या आंतरकर्णात पोचतात. तिथल्या सूक्ष्म केशपेशी त्यांचे विद्युतसंदेश करून मेंदूला धाडतात. प्रत्येक कानात या पेशी साधारण पंधरा हजार. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

यंत्रमागाच्या खोलीत आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. कारखान्यांसाठीचे नियम ९० डेसिबलला आठ तास आणि १०० डेसिबलला फक्त दोन तास मान्य करतात. पाळी मात्र बारा तासांची. आधी मरतात त्या उंच पट्टीच्या, ४००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज टिपणाऱ्या पेशी. त्यामुळे बहिरेपण लवकर कळतच नाही. माणसाला बोलणे ऐकू येते, पण ‘सात’ आणि ‘हात’ यांतला फरक पुसट होतो. घरचे म्हणतात, लक्ष देत नाही.

फुप्फुसांची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. सुती धुळीने छाती आवळण्याचा रोग म्हणजे बिसिनोसिस. सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी तो जास्त जाणवतो. पण त्याचा मुख्य अड्डा कापूस पिंजण्याच्या खात्यात, म्हणजे सूतगिरणीत. भिवंडीत सूत तयार येते, म्हणून इथे त्याचे प्रमाण गिरण्यांइतके असण्याचे कारण नाही. इथल्या हवेत तरंगते ती विणताना झडणारी तूस आणि ताण्याला लावलेल्या खळीची भुकटी. श्वासनलिकेतले बारीक केस ही धूळ कफासह वर ढकलतात. बिडी ओढणाऱ्याचे हे केस आधीच लुळे पडलेले असतात, आणि खोकला मग कायमचा मुक्कामाला येतो.

सुती धागा दमट हवेत मजबूत राहतो, कोरड्या हवेत पटापट तुटतो. कोकणपट्टीची हवा म्हणूनच मागाला मानवते. त्वचेला मात्र ती मानवत नाही. घाम सुकला तरच अंग गार होते. पत्र्याखाली, मोटरींच्या उष्णतेत तो नुसता निथळतो. शरीरातले पाणी घटले की मूत्रपिंडे लघवी दाट करून उरलेले वाचवतात. बारा तास उभे राहणाऱ्याच्या पोटऱ्यांवर वेगळा ताण पडतो. पायातले रक्त हृदयाकडे वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू आकुंचन पावून करतात. एका जागी ताटकळल्याने ते थंडावते आणि शिरा फुगून निळ्या दिसू लागतात.

जेवण भिसीत, म्हणजे खानावळीत. घर गावाकडे ठेवून आलेले कामगार महिन्याच्या हिशेबावर दोन वेळचे तिथेच जेवतात, आणि कितीतरी भिश्या बायकाच चालवतात. रात्रपाळीचा मनुष्य मध्यरात्री खातो. त्या वेळी स्वादुपिंडाचा प्रतिसाद मंदावलेला असतो, म्हणून रक्तातली साखर हळू उतरते. पाळी बदलली की मेंदूतले घड्याळ पुन्हा जुळवावे लागते, आणि त्याला काही दिवस लागतात. तोवर पुढची पाळी येते.

कायद्याने बिसिनोसिस आणि आवाजामुळे येणारे बहिरेपण हे दोन्ही व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत. पण २०२५ पर्यंत अमलात असलेला १९४८ चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या जागेला लागू होताना कामगारांची संख्या मोजली जाई, आणि भिवंडीचा धंदा चार-आठ मागांच्या छोट्या खात्यांत विखुरलेला. नोंदवहीत नाव नसलेल्याचा कान कोण तपासणार?

आता काही खात्यांत धोटा नसलेले रेपियर आणि एअरजेट माग बसत आहेत. एअरजेटमध्ये धागा हवेच्या झोताने पलीकडे जातो, त्यामुळे धोटा उडून डोळ्याला किंवा कपाळाला लागण्याचा जुना अपघात त्यात उरत नाही. गलका मात्र उरतो. लाकडाच्या ठोक्याची जागा दाबाखालच्या हवेच्या फुत्काराने घेतली आहे, आणि तो फुत्कारही उंच पट्टीचाच.