तेलाच्या वाटेने पसरलेले पोवळे

ब्राझीलच्या किनाऱ्यावर नारिंगी रंगाचे परके पोवळे कसे रुजले, याचा इतिहास तेथील समुद्री तेल-उद्योगाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. सूर्य-प्रवाळ म्हणून ओळखली जाणारी ट्युबॅस्ट्रिया वंशाची ही प्रवाळे मूळची हिंद-प्रशांत सागरी प्रदेशातली. त्यांतील कॉक्सिनिया या जातीची नोंद १९४३ मध्ये कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको व कुरासाव येथे झाली आणि ती जहाजांच्या बुडाला चिकटून तेथे पोचली असावी, असे मानले जाते.

ब्राझीलमध्ये तिला जहाजाहून सोयीचे वाहन मिळाले. रिओ दि जानेरो राज्यासमोरच्या काम्पोस खोऱ्यात १९७४ मध्ये तेल सापडले, १९७७ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८० च्या दशकात तेथील फलाटांवर ही प्रवाळे दिसू लागली. जहाजाच्या बुडाला जीवरोधक, म्हणजे सागरी जीवांना चिकटू न देणारा, रंग दिलेला असतो आणि वेगामुळेही पुष्कळ जीव निघून जातात; तरंगता तेल-फलाट मात्र वर्षानुवर्षे एकाच जागी राहतो, त्याच्या पाण्याखालच्या भागावर दाट वसाहत जमते, आणि दुरुस्तीसाठी टग बोटी त्याला इतक्या संथपणे ओढून नेतात की ती वसाहत जिवंतच नव्या किनाऱ्याला लागते. जहाजबांधणीची गोदी आणि तेलाचे टर्मिनल असलेल्या इल्हा ग्रांदे उपसागरातील खडकांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस या प्रवाळांनी बस्तान बसवले. पुढे साओ पाउलो आणि बाहिया राज्यांच्या किनाऱ्यांवरही ती पोचली.

बहुतेक खडक-बांधणारी प्रवाळे आपल्या ऊतींतील सूक्ष्म शैवालांवर, पर्यायाने सूर्यप्रकाशावर, जगतात. नावात सूर्य असूनही या प्रवाळांना अशा शैवालांची गरज नसते. दिवसा मिटलेल्या गोंड्यांसारखे दिसणारे त्यांचे जीव बहुधा रात्री पिवळ्या स्पर्शिका पसरून पाण्यातील प्लवक टिपतात, त्यामुळे फलाटाच्या सावलीतही त्यांचे भागते. त्यांचा स्पर्श झाला की केवळ ब्राझीलमध्येच आढळणाऱ्या मुसिस्मिलिया वंशातील हिस्पिडा या प्रवाळाच्या ऊती मरतात, ही या प्रसाराची सर्वांत क्लेशदायक बाजू होय.

पाणबुडे छिन्नी-हातोड्याने एकेक वसाहत उखडतात, पण प्रत्येक तुकडा गोळा करावा लागतो, कारण सुटलेल्या तुकड्यातूनही नवी वसाहत उभी राहू शकते. ही प्रवाळे फलाटांवर दिसल्यानंतर सुमारे तीन दशकांनी, २०१८ मध्ये, ब्राझील सरकारने त्यांच्या नियंत्रणाची राष्ट्रीय योजना मंजूर केली. हा विलंब अक्षम्य होता, कारण उपद्रवाचे वाहन डोळ्यांसमोर होते आणि त्याची प्रत्येक हालचाल परवान्यानेच होत होती.