लेण्यांपलीकडची घारापुरी

घारापुरीला जाऊन आलेला मनुष्य त्रिमूर्तीविषयी बोलतो. बोलावेच, सुमारे १८ फूट उंचीचे ते शिल्प पाहिल्यावर दुसरे काय बोलायचे! पण या बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत, उरण तालुक्यातली त्यांची ग्रामपंचायत आहे, हे किती जणांना ठाऊक असते? बेटाचा इतिहास चाळताना मला एकच गोष्ट पुनःपुन्हा आढळली : ज्याची ज्याची होडी धक्क्याला लागली, त्याने येथून काही ना काही नेले, बेटकऱ्यांसाठी आणले फार थोडे.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांशी तह केला आणि हे बेट त्यांच्याकडे गेले. राजबंदराजवळचा दगडी हत्ती पाहून त्यांनी बेटाला हत्तीचे नाव दिले. ‘एलिफंटा’ ते हेच. लेण्यात तेव्हा एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून वाचण्यासाठी आपल्या राजाकडे धाडला, पण तिकडे कोणालाच तो लागेना, असे दियोगो दो कौतो या त्यांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे तो दगडच नाहीसा झाला. लेणे कोणी खोदविले याची साक्ष कदाचित त्याच्याबरोबरच गेली. विद्वान मंडळी आज सहाव्या शतकातील कलचुरी राजांकडे बोट दाखवितात. परंतु बोट दाखविणे वेगळे आणि दगडावरचे नाव वाचणे वेगळे.

हत्तीचीही तीच गत. १८१४ साली त्याचे मस्तक गळून पडले. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला, तो उचलताना यारी मोडली आणि गजराजांचे तुकडे झाले! ते मुंबईस आणून राणीच्या बागेत ठेवले व १९१४ साली पुन्हा जोडले. मुलांना घेऊन बागेत जाल तेव्हा संग्रहालयाजवळच्या या हत्तीपाशी जरूर थांबा. तो घारापुरीचा आहे.

१८७५ साली इंग्लंडच्या युवराजासाठी खुद्द लेण्यातच मेजवानी झाली. रात्रीचा बेत, म्हणजे दिवे आलेच. पाहुणे गेले, दिवेही गेले. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत पोचली. खाडीपलीकडचा तो झगमगाट घारापुरीची माणसे आपल्या अंगणातून पाहात राहिली. जेमतेम १० किलोमीटरांचे अंतर! देश स्वतंत्र झाला, १९८७ साली लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, तरी वस्त्यांत संध्याकाळी काही तास जनरेटर चाले तेवढाच उजेड. तो बंद झाला की कंदील. मुलांचा अभ्यास, बाळंतिणीची रात्र, आजाऱ्याची उशाशी बसून काढलेली रात्र, सारे त्याच उजेडात.

अखेर समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरांची केबल टाकून फेब्रुवारी २०१८ मध्ये तिन्ही वस्त्यांना वीज मिळाली. त्या वर्षी मोराबंदरच्या ओट्यांवर पणत्या लागल्या, तेव्हा केबलमधून आलेल्या विजेवर घरात दिवा लागलेली ती त्यांची पहिली दिवाळी होती.