हातात कावी, तळहातावर संगणक

धुलाईयंत्र, दूरचित्रवाणीचा रिमोट, रिक्षाचा इलेक्ट्रॉनिक मीटर यांच्या पोटात एक छोटा मायक्रोकंट्रोलर दडलेला असतो. प्रक्रियक, स्मृती आणि बाह्य जगाशी जोडणाऱ्या पिना एकाच चिपवर सामावलेला हा जणू संपूर्ण संगणकच. पुस्तकातून तो समजतो. अंगवळणी पडतो तो स्वतःच्या हाताने काही बनवल्यावरच.

पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम याच विचारावर उभा राहिला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनकार्य सोडून १९८३ मध्ये तो सुरू केला. शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांनी काम करता करता विज्ञान शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. २००२ मध्ये एमआयटीचे प्रा. नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब आली. आजही हा प्रयोग शहरी शाळांनी डोळसपणे पाहावा असाच आहे.

घरी आरंभ करायचा तर इटलीत २००५ मध्ये जन्मलेला आर्डुइनो बोर्ड सोयीचा. पहिला प्रकल्प उघडझाप करणाऱ्या एलईडीचा. पिनेवर ५ व्होल्ट, त्यातील सुमारे २ व्होल्ट लाल एलईडी घेतो. उरलेल्या ३ व्होल्टसाठी २२० ओहमचा रोध लावला की सुमारे १४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हा रोध टाळल्यास एलईडी तर जातोच, कधी पिनही. पुढे प्रकाशसंवेदक जोडून अंधार पडताच लागणारा दिवा करता येतो.

येथवर ब्रेडबोर्ड पुरतो. मंडळ कायमचे करायचे म्हणजे डाख आलाच. कल्हईवाला कथील फिरवण्यापूर्वी भांड्यात नवसागर का टाकतो? तापल्या धातूवरचा ऑक्साइडचा थर निघाल्याखेरीज कथील धरत नाही, म्हणून. सोल्डरच्या तारेच्या पोटातील राळ तेच काम करते. ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेली ही तार १८३ अंशांना वितळू लागते. नवशिके कावीच्या टोकावर तार वितळवून थेंब सांध्यावर टाकतात. राळ वाटेतच जळते आणि सांधा कच्चा राहतो. पट्टी व तार दोन्ही दोनेक सेकंद तापवावीत, मग सोल्डर कावीला नव्हे, सांध्याला टेकवावे. चकचकीत, उतरता सांधा पक्का; गोळीसारखा दिसला तर संशय घ्यावा. असा सांधा बोटाने दाबला की दिवा लागतो, सोडला की विझतो, आणि विद्यार्थी तासन्‌तास दोष प्रोग्रॅममध्ये शोधत बसतो!

काम खिडकीपाशी करावे. तारेत शिसे असल्याने हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊला हात लावू नये.